कचरापेटीतली पोरं चाळिशीत

एक गोबऱ्या गालांचं पोरगं. अंगात मोठ्या माणसाचा कोट, गळ्यात टाय, चेहऱ्यावर शहाण्या बाळाचं हसू. हाताशी एक बटण आहे, ते त्यानं नुकतंच दाबलंय, आणि त्याच्या डोक्याची कवटी उडून तिथून अणुस्फोटाचा छत्रीसारखा ढग वर चढतोय. पोरगं हसतंच आहे. चित्रावर नाव छापलंय, 'अ‍ॅडम बॉम्ब'. 'अ‍ॅटम'चा 'अ‍ॅडम' करणारी ही कोटी काही फार थोर नाही, पण ती दहा वर्षांच्या मुलांसाठी होती आणि त्या वयाला ती पुरेशी होती.

हे चित्र १९८५ सालचं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या 'टॉप्स' कंपनीनं त्या वर्षी 'गार्बेज पेल किड्स' या नावानं स्टिकरांची पाकिटं बाजारात आणली. २५ सेंटला एक पाकीट, आत पाच स्टिकर आणि बबलगमची एक पट्टी. स्टिकरांवर कचरापेटीत शोभतील अशी पोरं होती. कुणी ओकतंय, कुणाच्या नाकातून शेंबडाच्या दोऱ्या लोंबताहेत, कुणी विजेच्या खुर्चीत बसून तडतडतंय, कुणाचा नुसता सांगाडा उरलाय. शाळांनी त्यांच्यावर बंदी घातली, पालकांनी तक्रारी केल्या, पोरांनी आणखी पाकिटं घेतली. २०१५ मध्ये टॉप्सनं या पोरांची तिशी थाटात साजरी केली, २०२० मध्ये पस्तिशी, आणि २०२५ मध्ये ती चाळीस वर्षांची झाली. हे वाढदिवस साजरे करणारे बहुतेक लोक एकेकाळी याच स्टिकरांपायी मार खाल्लेले आहेत. मात्र स्टिकर सोलून कुठेतरी चिकटवायचं असतं, ही गोष्ट आता त्यांना मान्य नाही. त्यांचा हा बदल कसा झाला, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात कोबीच्या शेतापासून करावी लागते. जॉर्जिया राज्यातल्या क्लीव्हलँड गावी झेवियर रॉबर्ट्स नावाच्या तरुणानं १९७८ च्या सुमारास कापडी बाहुल्या विकायला सुरुवात केली. बाहुली विकत घ्यायची नाही, 'दत्तक' घ्यायची, ही त्याची युक्ती. दुकानाला त्यानं प्रसूतिगृहाचं रूप दिलं, विकणाऱ्या बायकांना परिचारिकांचे पोशाख दिले, प्रत्येक बाहुलीबरोबर दत्तकपत्र दिलं. पुढे 'कोलेको' या खेळणी कंपनीनं हक्क घेतले, 'कॅबेज पॅच किड्स' असं नाव ठेवलं, आणि १९८३ च्या नाताळात अमेरिकेतल्या दुकानांमध्ये या बाहुल्यांसाठी चक्क हाणामाऱ्या झाल्या. एकमेकांच्या हातातून बाहुल्या हिसकावणारी ही माणसं पालक होती. त्या वर्षी ज्या मुलांनी आपल्या आईबापांना असं पाहिलं, त्यांना दोन वर्षांनी ओकणाऱ्या बाहुल्या मिळाल्या आणि त्यांनी त्या डोक्यावर घेतल्या, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

टॉप्स ही मुळात च्युइंगम कंपनी. शॉरिन बंधूंनी ती १९३८ मध्ये काढली. गम विकायला सोबत काहीतरी हवं म्हणून पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डं घालायला सुरुवात झाली, आणि हळूहळू गम बाजूला पडून लोक कार्डांसाठीच पाकीट घेऊ लागले. खोडसाळपणाही कंपनीला नवा नव्हता. १९६२ मध्ये तिनं 'मार्स अटॅक्स' नावाची मालिका काढली. मंगळावरचे कवटीतोंडे सैनिक माणसांना आणि कुत्र्यांना जाळतात, असली ती चित्रं. तक्रारी आल्या आणि मालिका गुंडाळावी लागली. १९६७ मध्ये 'वॅकी पॅकेजेस' आली. साबण, टूथपेस्ट, डबाबंद खाणं अशा घराघरातल्या मालाच्या वेष्टनांची टिंगल करणारी ही चित्रं १९७३ नंतर स्टिकरांच्या रूपात आली, तेव्हा काही काळ बेसबॉल कार्डांपेक्षा जास्त खपली.

या टिंगलीमागे एक माणूस होता, आणि त्याचं नाव वाचून साहित्याचे वाचक दचकतील. आर्ट स्पीगलमन. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आपल्या वडिलांची गोष्ट उंदीर आणि मांजरांच्या रूपात सांगणारं 'माउस' हे त्याचं पुस्तक. त्याचा पहिला खंड १९८६ मध्ये आला, आणि १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. हाच माणूस अठराव्या वर्षापासून टॉप्समध्ये काम करत होता. टॉप्सच्या पगारावर घर चालायचं आणि उरलेल्या वेळात 'माउस' काढलं जायचं. शेंबडी पोरं आणि आउशवित्झ एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वर्षी शेजारी नांदत होते. पहिली चित्रं पैशासाठी आणि दुसरी कलेसाठी, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दोन्हीकडे गोंडस रूपात भयंकर गोष्ट सांगायचं कसब एकच आहे.

मूळ कल्पना 'वॅकी पॅकेजेस'मधल्या एकाच स्टिकरपुरती होती. कॅबेज पॅच बाहुलीची टिंगल करणारं एक चित्र काढायचं आणि पुढे जायचं. जॉन पाउंड या चित्रकारानं ते रंगवलं आणि कंपनीतल्या वरिष्ठांच्या लक्षात आलं की यात अख्खी मालिका आहे. स्पीगलमन आणि मार्क न्यूगार्डन यांनी कल्पना आणि नावं रचण्याची धुरा घेतली. पहिली मालिका एकट्या पाउंडनं रंगवली. तिच्या यशाचं मोठं श्रेय त्याच्या रंगकामाला द्यायला हवं. घाणेरडं चित्र घाणेरड्या हातानं काढलं असतं तर ते शौचालयाच्या भिंतीवरच्या रेघोट्यांसारखं दिसलं असतं. पाउंडच्या पोरांचे गाल मऊ दिसतात, त्यांच्यावर प्रकाश नीट पडतो, केसांचा लोकरीचा पोत जाणवतो. आधी हात पुढे करून गालगुच्चा घ्यावासा वाटतो आणि मग ओकारी दिसते. पुढच्या मालिकांमध्ये टॉम बंक आला. तो जर्मनीहून आलेला, चित्राच्या कोपऱ्याकोपऱ्यात किडे आणि कचरा कोंबणारा. अँडी वॉरहॉलचा पुतण्या जेम्स वॉरहोला हाही या कामात होता. नावं मात्र कुणाचीच छापली जात नव्हती. मुलांना वाटायचं, ही चित्रं कंपनीच काढते.

पहिल्या मालिकेत ४१ चित्रं होती आणि स्टिकर ८२. प्रत्येक चित्र दोन नावांनी छापलं जायचं, क्रमांकापुढे 'ए' आणि 'बी' लावून. आठव्या क्रमांकाचा 'ए' म्हणजे अ‍ॅडम बॉम्ब, आणि तेच पोरगं 'बी'मध्ये ब्लास्टेड बिली. यात हिशोब सरळ होता. चित्रकाराला पैसे ४१ चित्रांचे, संच पुरा करायला पोरांना जमवायचे ८२. पण या कंजूषपणातून एक अफलातून गोष्ट घडली. नावं दुप्पट झाल्यामुळे वर्गातल्या दुप्पट पोरांची नावं कुठल्या ना कुठल्या स्टिकरवर सापडू लागली. ब्रायन नावाच्या मुलाला वर्गात कायमचा त्रास, कारण 'फ्रायिन ब्रायन' विजेच्या खुर्चीत तळला जातोय. त्याच्या शेजारच्या बिलनं हसू नये, कारण तेच चित्र 'इलेक्ट्रिक बिल' या नावानंही आहे. ज्याचं नाव कुठेच नाही, तो मात्र खट्टू. बाहुलीच्या दत्तकपत्रालाही इथं उत्तर होतं. कित्येक स्टिकरांच्या मागच्या बाजूला खोटी प्रमाणपत्रं छापलेली असायची, आळशीपणाची आणि कॉपी करण्याच्या परवान्याची वगैरे.

आणि शेवटी ते स्टिकर होतं. आकृतीच्या कडेनं कापलेली रेघ, मागचा कागद सोलायचा, आणि पोराला बाकावर, दप्तरावर, फ्रिजच्या दारावर, धाकट्या बहिणीच्या खोलीच्या दारावर चिकटवायचं. निघताना ते अर्धं फाटून निघायचं आणि गोंदाचा चिकट पांढरा चट्टा मागे राहायचा. शाळांचा राग चित्रांवर जितका होता, तितकाच या चट्ट्यांवर असावा असा माझा अंदाज आहे.

मुलांना घाण आवडते, यावर त्या काळी बरीच नाकं मुरडली गेली. योगायोग असा की किळस या भावनेचा पद्धतशीर अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन याच सुमारास मुलांवर प्रयोग करत होता. शेंगदाण्याचं लोणी आणि उग्र वासाचं चीज मिसळून त्यानं कुत्र्याच्या विष्ठेसारखा आकार केला आणि लहान मुलांपुढे ठेवला. अडीच वर्षांखालच्या बऱ्याच मुलांनी तो तोंडात घातला. म्हणजे किळस उपजत येत नाही, मोठी माणसं ती शिकवतात. सात-आठ वर्षांचं मूल ती नुकतंच शिकलेलं असतं. काय शी आणि काय नाही याचे नियम त्याला पाठ झालेले असतात आणि ते मोडून बघायची हौसही ताजी असते. कागदावरची ओकारी त्याला सुरक्षित अंतरावरून ही चैन करू देते. त्याच चित्रानं आईचं तोंड वाकडं होतं, हा वरचा नफा.

बाहुलीवाल्यांना अर्थातच हसू आलं नाही. रॉबर्ट्सच्या कंपनीनं टॉप्सवर दावा लावला आणि ऑगस्ट १९८६ मध्ये जॉर्जियातल्या संघीय न्यायालयानं टॉप्सविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. ही टीका नाही, पैसे कमावण्यासाठी केलेली नक्कल आहे, असा निकालाचा रोख होता. पुढे तडजोड झाली आणि टॉप्सनं पोरांचं रूप बदललं. कापडी बाहुलीचा मऊपणा गेला, त्वचा टणक प्लास्टिकसारखी झाली आणि नावाच्या पट्टीची ठेवणही बदलली. जाणकार संग्राहक एका नजरेत सांगतात की हे स्टिकर दाव्याआधीचं की नंतरचं. इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एक म्हणजे, केंटकीच्या मार्था नेल्सन थॉमस या हस्तकलाकार बाईंचं म्हणणं होतं की रॉबर्ट्सच्या बाहुल्यांची कल्पना मुळात त्यांची आहे. त्यांनीही दावा लावला होता आणि तोही न्यायालयाबाहेर मिटला. नक्कल केल्याची तक्रार घेऊन कोण गेलं होतं, ते पाहावं. दुसरी म्हणजे, १९९४ मध्ये 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गटाच्या एका विडंबन गाण्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की विडंबन पैशासाठी केलंय एवढ्यानं ते बेकायदा ठरत नाही. हा निकाल आठ वर्षं आधी आला असता तर ही पोरं कदाचित मऊच राहिली असती.

मेक्सिकोनं तर आयात-निर्यात शुल्काच्या कायद्यातच, मुलांना हिणकस आणि हिंसक रूपात दाखवणाऱ्या या स्टिकरांच्या आयातीवर बंदी घातली आणि तिथं मालिकेचं नाव लिहिलं. इतर देशांत ती स्थानिक नावं घेऊन फिरत होती. स्पेनमध्ये 'ला पांदिया बासुरा', इटलीत 'स्गॉर्बिऑन्स', फ्रान्समध्ये 'ले क्रादो', जपानमध्ये 'बुकिमी कुन'. १९८७ मध्ये चित्रपट आला. त्याबद्दल इतकंच की तो फार वाईट होता. त्याच वर्षी सीबीएस वाहिनीनं कार्टून मालिका तयार केली. पालकांच्या विरोधामुळे ती अमेरिकेत त्या वेळी दाखवलीच गेली नाही, परदेशांत चालली. १९८८ पर्यंत स्टिकरांच्या १५ मालिका निघाल्या. सोळावी तयार होत होती, पण आली नाही. कॅबेज पॅचवाल्या कोलेको कंपनीचंही त्याच वर्षी दिवाळं निघालं. खोड्या काढणारा आणि ज्याच्या काढायच्या तो, दोघेही एकदमच खाली बसले.

मग पंधरा वर्षं शांतता. २००३ मध्ये टॉप्सनं 'ऑल-न्यू सीरिज' या नावानं नवी चित्रं आणली. २०१० मध्ये जुन्या चित्रांची उजळणी आली आणि २०१२ पासून दरवर्षी काही ना काही येऊ लागलं. तिशी आणि पस्तिशीचे संच या ओघातले. ही मालिका पहिल्यांदा आली तेव्हा गिऱ्हाईक आठ ते बारा वर्षांचं होतं. तिशीचा संच आला तेव्हा तेच गिऱ्हाईक अडतीस ते बेचाळीसचं होतं. त्याच्याकडे नोकरी आणि क्रेडिट कार्ड होतं आणि हरवलेल्या स्टिकरांचं दुःखही होतं. कंपनीला नवं गिऱ्हाईक शोधायची गरज पडली नाही, जुनं थकून परत यायची वाट पाहिली की झालं.

पण एक अडचण होती. पहिल्या मालिकेचे स्टिकर आज दुर्मीळ आहेत, ते पोरांनी त्यांचं काम चोख केल्यामुळे. बहुतेक सोलले गेले, चिकटवले गेले, खरवडले गेले, आयांनी फेकून दिले. शिवाय पहिली मालिका पुढच्यांइतकी छापलीच गेली नव्हती. जो स्टिकर सोलला नाही, कोपरे शाबूत आहेत, चित्र बरोबर मध्यावर छापलं गेलंय, तो आज हजारो डॉलरांना जाऊ शकतो. अशा स्टिकराला तज्ज्ञ कंपन्या १ ते १० असे गुण देतात आणि तो कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद होतो. टंचाईची ही जादू टॉप्सला जुनी माहीत होती. १९५२ च्या बेसबॉल कार्डांचा न विकला गेलेला साठा गोदामात जागा अडवतो म्हणून साय बर्जर या अधिकाऱ्यानं १९६० मध्ये ती कार्डं बोटीतून नेऊन अटलांटिक महासागरात टाकली, असं तो स्वतः सांगायचा. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं.

समुद्रानं आणि पोरांनी जी टंचाई केली, ती वाढदिवसाच्या संचाला मिळणार नव्हती. हे संच विकत घेणारा प्रत्येक जण पाकीट उघडताक्षणी स्टिकर प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. कुणीच काही नष्ट करत नसेल तर काहीच दुर्मीळ होत नाही. मग टंचाई कारखान्यातच तयार करावी लागली. तेच चित्र वेगवेगळ्या रंगांच्या चौकटींत छापायचं, आणि एखाद्या रंगाच्या मोजक्याच प्रती काढून प्रत्येकीवर क्रमांक घालायचा. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या छपाईचे धातूचे पत्रे छपाई संपली की कापून, एकेक पत्रा एकेका पाकिटात टाकायचा. असा पत्रा जगात एकच. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत तर ताज्या बातम्यांवरचे स्टिकर ऑनलाइन थोड्याच काळासाठी विक्रीला ठेवले जायचे, जितक्या मागण्या येतील तितकेच छापायचे आणि मग आकडा जाहीर करायचा. पस्तिशीच्या वर्षी, म्हणजे २०२० च्या मे महिन्यात, ही पोरं एनएफटी म्हणूनही विकली गेली. पडद्यावरचं चित्र. ना गोंद, ना कागद, ना बहिणीचं दार.

या सगळ्यात मला मनापासून आवडणारी गोष्ट एकच आहे, हातानं काढलेली कार्डं. कंपनी चित्रकारांना कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पाठवते. प्रत्येक कार्डावर पेन, शाई किंवा रंगानं एक पोरगं काढायचं, खाली सही करायची, आणि ती कार्डं पाकिटांमध्ये मिसळली जातात. मानधन फारसं नसतं. म्हणून काही कोरी कार्डं चित्रकाराला स्वतःसाठी मिळतात, त्यांवर मागणीप्रमाणे चित्रं काढून तो ती विकू शकतो. आता नावं छापली जातात. १९८० च्या दशकात मूळ चित्रं कंपनीची मालमत्ता मानली जायची, आणि १९८९ मध्ये टॉप्सनं आपल्या भांडारातली चित्रं लिलावात काढली. स्पीगलमनचं कंपनीशी नातं अशाच हक्कांच्या वादात तुटलं. आजच्या चित्रकारांमध्ये लहानपणी हीच स्टिकरं बाकावर चिकटवणारे बरेच आहेत. त्यांपैकी जो सिम्को यानं जेफ झापाटा या टॉप्सच्या जुन्या कला-संपादकाबरोबर '३० इयर्स ऑफ गार्बेज' हा माहितीपट केला. जॉन पाउंडचं नाव आता या सगळ्यांच्या तोंडी आदरानं असतं, आणि ज्या पोरांना चित्रं कंपनीच काढते असं वाटायचं, ती आता त्याच्या सहीसाठी रांगेत उभी राहतात.

संग्राहकांच्या दुनियेत आणखी एक वस्तू फिरते. ती म्हणजे १९८५ चं न उघडलेलं पाकीट. मेणकागदाचं वेष्टन, आत पाच स्टिकर आणि चाळीस वर्षांची गमची पट्टी. बेसबॉल कार्डांच्या पाकिटातून टॉप्सनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गम काढून टाकला, कारण त्याचा तेलकट डाग शेजारच्या कार्डावर उतरतो आणि कार्डाची किंमत पडते. या पाकिटांत तो अजून आहे, म्हणजे गमला चिकटून असलेल्या स्टिकरवर डाग असण्याचा संभव दांडगा. आत पहिल्या मालिकेतला एखादा सर्वांत मागणीचा स्टिकर असेलही. पण पाकीट फोडलं की त्याची न फोडलेलं असण्याची किंमत गेली. म्हणून विकत घेणारा ते फोडत नाही, तोही ते प्लास्टिकच्या पेटीत बंद करून तज्ज्ञांकडून खात्रीचा शिक्का घेतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विकतो, जो तेच करतो.